सेव्हिलच्या चौकातला सांधा

स्पेनमधल्या सेव्हिल शहराच्या त्या प्रसिद्ध चौकात मी तेरुएल जिल्ह्यावर बसून दशमी खाल्ली. अक्षरशः जिल्ह्यावर. खाली रंगीत टाइल्समध्ये जिल्ह्याचा नकाशा होता, त्यावर माझे बूट होते. पाठीमागे जिल्ह्याच्या इतिहासातला कुठलासा प्रसंग रंगवला होता, त्याला मी टेकलो होतो. आणि मधल्या बाकावर वर्तमानपत्र पसरून मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं असा संसार मांडला होता. मे महिन्याचं ऊन होतं आणि त्या बाकावर सावली होती, एवढाच माझा त्या जिल्ह्याशी संबंध.

समोर एक कुटुंब येऊन उभं राहिलं. सुटातले आजोबा, मोत्यांची माळ घातलेल्या आजी, दोन मुलगे, दोन सुना. उभे राहिले ते राहिलेच. मला वाटलं, लोणच्याचा वास त्यांच्यापर्यंत गेला असेल. पाच मिनिटं झाली, दहा झाली, मी आपला चावतोय आणि ते आपले बघतायत. शेवटी आपल्याकडची रीत म्हणून मी अर्ध्या दशमीवर चटणी घालून आजींपुढे केली. आजींनी ती घेतली, खाल्ली, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बोट दाखवलं आणि तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. पुन्हा भिंत, पुन्हा छाती. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: तेरुएल.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ही माणसं तेरुएलची होती. अख्खा देश ओलांडून आपल्या जिल्ह्याच्या बाकावर बसून फोटो काढायला आली होती, आणि त्या बाकावर आखातातल्या रास अल खैमाहून आलेला एक मराठी माणूस लोणच्याची फोड चोखत होता.

हा चौक म्हणजे चार रस्ते भेटतात तो आपला चौक नव्हे. १९२९ साली स्पेनने सेव्हिलला एक मोठं प्रदर्शन भरवलं आणि अमेरिकेकडच्या ज्या देशांवर एके काळी राज्य केलं होतं, त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. राज्य गेलं, निदान पाहुणचारात तरी कमी पडू नये, असा विचार असावा. त्यासाठी एका जुन्या बागेच्या कडेला हा चौक बांधला. विटांची प्रचंड अर्धगोल इमारत, दोन टोकांना दोन उंच मनोरे, आणि तोंड नदीच्या दिशेला. सांगतात की अर्धगोल म्हणजे मिठी मारायला पसरलेले हात, आणि नदी अशासाठी की तिथूनच जहाजं अमेरिकेला निघायची. इमारतीपुढे तसाच वळत गेलेला कालवा आहे, त्यावर चार पूल आहेत, जुन्या चार राज्यांच्या आठवणीचे. मधोमध कारंजं. आणि भिंतीच्या पायाशी ओळीने अठ्ठेचाळीस कोनाडे, एकेका जिल्ह्याचा एकेक, त्यांच्या मुळाक्षरांच्या क्रमाने. ते लोक प्रांत म्हणतात, पण प्रकार आपल्या जिल्ह्यांसारखाच. प्रत्येक कोनाड्यात टाइल्सचा बाक, पाठीला इतिहासाचं चित्र, पायाशी नकाशा, आणि दोन बाजूंना दोन छोटी फडताळं. त्या फडताळांत त्या त्या जिल्ह्याची पुस्तकं ठेवायची अशी मूळ कल्पना होती. बाकावर बसा, आपल्या गावाबद्दल वाचा, ऊन उतरलं की घरी जा. मी गेलो तेव्हा फडताळांत पुस्तक काही दिसलं नाही, एकात शीतपेयाची रिकामी बाटली होती. पुष्कळ टाइल्सचे टवके उडाले होते. तरीसुद्धा आपल्याकडे असं काही हवं होतं, असं वाटलंच. अकोल्यापासून सोलापूरपर्यंत एकेक बाक. सांगलीच्या बाकावर सातारकर बसला की काय होईल, तेही तिथेच बसल्या बसल्या ठरवून टाकलं.

ही दशमीची गोष्ट मी पुढे इतक्या वेळा सांगितली की मुलगी सुरुवातीलाच ‘बाबा, नॉट अगेन’ म्हणून उठून जायची. गणपतीला जमलेल्या मंडळींना सांगितली, ऑफिसात सांगितली, पुण्याच्या नातेवाइकांना तर प्रत्येक सुट्टीत सांगितली. ती कुठे थांबवायची हे मला पक्कं ठाऊक होतं. आजींनी भिंत आणि छाती दाखवली, माझ्या डोक्यात उजेड पडला की थांबायचं. लोक हसायचे. त्यापुढचं मी कधी सांगितलं नाही. ते आता सांगतो.

नव्वदच्या दशकात मी रास अल खैमाच्या एका टाइल कारखान्यात डिझाइन विभागात होतो. डिझाइनर हा शब्द कार्डावर होता. प्रत्यक्षात गिऱ्हाइकाने दाखवलेल्या चित्राचे चौकोन पाडायचे, कुठल्या चौकोनावर कुठला रंग ते ठरवायचं आणि भट्टीतून रंग वेगळाच निघाला की ‘हाच जास्त चांगला दिसतो’ असं गिऱ्हाइकाला पटवायचं. एकदा एका श्रीमंत स्थानिक गृहस्थाने डोंगराच्या पायथ्याशी बाग करायला घेतली. तो सेव्हिलचा चौक पाहून आला होता. त्याला तसाच अर्धगोल हवा होता, फक्त सात कोनाड्यांचा, सात अमिरातींचा एकेक. क्रम कुठला लावायचा यावर दोन महिने गेले. अर्धगोलाला एक मध्य असतो आणि दोन टोकं असतात, आणि टोकाला कोणाला बसवायचं हा नाजूक प्रश्न. शेवटी त्याने आपलीच अमिरात टोकाला घेतली. यजमानाने दाराजवळ बसावं, म्हणाला. मला तो माणूस तेव्हापासून आवडला.

टाइल्स लावायचं काम आमच्या मिस्त्रींकडे आलं, दुसऱ्या कोणाकडे येण्याचा प्रश्नच नव्हता. मिस्त्री राजापूरकडचे, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, वीस वर्षं आखातात, वीसही वर्षं लेबर कॅम्पात. कुटुंब गावी. बोलायचे कमी. टाइल हातात घेतली की आधी नखाने वाजवायचे, आवाज ऐकून ‘ही नको’ म्हणून बाजूला ठेवायचे, आणि ती बाजूला ठेवलेली टाइल आठ दिवसांनी खरोखर तडकलेली सापडायची. वीस वर्षांत त्यांनी लावलेली एकही टाइल जागा सोडून वर उचलली नव्हती. हे ते स्वतः कधी सांगत नसत, पण दुसऱ्या कोणी सांगितलं तर नाहीही म्हणत नसत. शुक्रवारी कधी कधी आमच्याकडे जेवायला यायचे. बायको त्यांना दादा म्हणायची, ते तिला वहिनी. तिच्या हातच्या आमटीत कोकम घालायचं त्यांनीच सुचवलं, आणि पुण्याची असूनही तिने ते ऐकलं, यावरून त्यांचं आमच्या घरातलं वजन लक्षात यावं.

आमचा लेबनीज मॅनेजर म्हणाला, यल्ला, दोघं जा, तू आणि तुझा मिस्त्री, चौक नीट बघून या. मिस्त्रींना मी हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी केस कापून आले. कॅम्पातल्या कोणाकडून तरी त्यांनी सुटाचा कोट आणून ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

आणि मग मी विचार करायला लागलो. विचार करणं हा माझा जुना दोष. हॉटेलात एक खोली दोघांत. मिस्त्री घोरतात, कॅम्पात त्याची ख्याती होती. तंबाखू खातात, तिथे थुंकणार कुठे? स्पेनमधल्या टाइल कारखान्यातली मंडळी जेवायला नेणार, काटे-चमचे, इंग्रजी, सगळं मलाच सांभाळायचं. शिवाय मिस्त्री नसतील तर दोन दिवसांत काम उरकून माझे एक-दोन दिवस मोकळे. असं करत करत मी मॅनेजरला म्हणालो की मिस्त्रीची काही गरज नाही, मीच बघून येतो आणि त्याला सांगतो. मॅनेजर म्हणाला, बरं. मिस्त्रींना मी सांगितलं, तुमच्या कॅटेगरीला व्हिसा मिळत नाही.

त्यांचा अर्ज मी भरलाच नव्हता.

ते टाइल पुसत होते. फडकं थांबलं, पुन्हा चालू झालं. म्हणाले, ‘बरां. तुमी बघतलास म्हणजे मीच बघितलंय.’

निघायच्या आदल्या दिवशी ते घरी आले. मला एकच काम सांगितलं. दोन टाइल्स शेजारी शेजारी ठेवल्या आणि मधल्या फटीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. ‘सांधो किती ठेवलोहा, तेवढो बघा. फोटोत गावाचो नाय. बोट फिरवून बघा.’ मग समजावून सांगितलं. आपल्याकडचं ऊन, तिकडचंही ऊन म्हणतात. टाइल उन्हात फुगते, तिला हलायला जागा लागते. मी एरवी दोन मिलिमीटर ठेवणार, म्हणाले. पण चित्र आहे, दोन मिलिमीटरने चित्राची रेघ तुटते, माणसाच्या तोंडावर रेषा येतात. तिकडच्यांनी सत्तर वर्षं टिकवलंय, तर त्यांनी किती ठेवलाय तेवढं कळलं की झालं.

तर तो मी, तेरुएलच्या बाकावरून उठलो. पुढचं असं झालं की त्या कुटुंबाने मला सोडलंच नाही. आजोबांनी कॅमेरा माझ्या हातात दिला, मी त्यांचे फोटो काढले. मग त्यांनी माझ्या कॅमेऱ्यातून माझे काढले, आजींबरोबर, सुनांबरोबर, नकाशावर बोट ठेवून त्यांचं गाव दाखवताना. छत्तीसच्या रोलमधले बहुतेक फोटो असेच संपले. त्यांनी मला कॉफी पाजली, चौकाचा इतिहास सांगितला, अर्धा खुणांनी. पूल, मनोरे, नदी, सगळं वर मी लिहिलंय ते तेव्हाचंच. मी अगदी खुशीत होतो. परदेशात आपल्याला कोणी पाहुणा मानलं की माणूस विरघळतो. चार वाजता गाडी होती. स्टेशनवर खिशात हात घातला, तिकिटाला चटणीचं बोट लागलं, ते पुसलं, आणि त्या बोटाकडे बघत असताना मला मिस्त्रींचं नख आठवलं.

परत जाता आलं असतं. पुढच्या गाडीने निघता आलं असतं. मी घड्याळ बघितलं आणि स्वतःला सांगितलं, फोटोत दिसेलच की.

फोटोत आजी दिसत होत्या. मागे धूसर निळं-पिवळं चित्र होतं आणि त्यात सांधा दिसत नव्हता. मिस्त्री शुक्रवारी आले. कपडे बदलून, हात धुऊन, जेवायच्या आधीच समोर बसले. एकेक फोटो दोन्ही हातांनी धरून बघत होते. मग विचारलं, सांधा?

मी म्हणालो, ‘सांधाच नाहीये हो. टाइलला टाइल भिडवलेली आहे. बोट फिरवलं, काही लागतच नाही.’

त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी बायकोला हाक मारून पानं घ्यायला सांगितली. त्यांना हेवा वाटला असेल असं मला तेव्हा वाटलं. ती श्रद्धा होती.

हिवाळ्यात त्यांनी सातही कोनाडे लावले. टाइलला टाइल भिडवून. बागेचा मालक येऊन हात फिरवून गेला, माशाल्ला म्हणाला. खरंच देखणं झालं होतं. रेघ कुठे तुटली नव्हती. जुलैत एका दुपारी फुजैराच्या कोनाड्यातल्या टाइल्स पापड तळल्यासारख्या आवाज करत उचलल्या. चार दिवसांनी शारजाच्या. तिथल्या चित्रातला, मोती काढणाऱ्या होडीतला माणूस कमरेत फुटला.

साइटवर मीटिंग झाली. उन्हात छत्री धरून मॅनेजर, मालकाचा इंजिनिअर, मी आणि मिस्त्री. इंजिनिअरने हिंदीत विचारलं, सांधा न ठेवता लावायला कोणी सांगितलं? माझ्या बुटाची लेस सुटली होती, मी ती बांधायला वाकलो. खरं सांगायचं तर सुटली नव्हती. वरून मिस्त्रींचा आवाज ऐकू आला.

‘साब, मेरा हाथ चूक गया.’

मला वाटलं, मला वाचवायला म्हणाले. जाताना गाडीत मी तसं काहीतरी पुटपुटलो, आभारासारखं. त्यांना कळलंच नाही मी कशाबद्दल बोलतोय. म्हणाले, चूक माझीच की. त्यांची सत्तर वर्षं उभी आहेत ना तशीच, सांध्याशिवाय? मग माझ्या मालात खोट होती, नाहीतर हातात. तिथला माणूस काहीतरी जाणत होता, ते मला येत नाही.

ते दोन आणि मागोमाग उरलेले पाचही कोनाडे त्यांनी पुन्हा लावले, दोन मिलिमीटर ठेवून. ते टिकले. पण त्याला ते काम म्हणत नसत, चलाखी म्हणायचे. त्यानंतर त्यांनी चित्राचं पॅनेल हातात घेतलं नाही. मॅनेजरने काढलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं, मला फरशीवर टाका. बाथरूम, जिने, कॉरिडॉर. मॅनेजर मला म्हणाला, म्हातारा झाला का तुझा मिस्त्री? मी म्हणालो, असेल.

आणि शुक्रवारी येतच राहिले. तेच मला जड जायचं. जेवण झालं की सुपारी कातरत विचारायचे, साहेब, ते लोक टाइल पाण्यात किती वेळ भिजवत असतील? चुन्यात काय घालत असतील? कॅम्पाच्या मागे त्यांनी विटांचा एक ठेंगणा कट्टा बांधला होता. दर उन्हाळ्याआधी त्यावर आठ-दहा टाइल्स भिडवून लावायचे, दर वेळी वेगळं मिश्रण, आणि जुलैची वाट बघायचे. दर जुलैत त्या उचलायच्या. मला सांगायचे, या वेळी ऑगस्टपर्यंत राहिल्या. पाच-सहा वर्षं हे चाललं. सांगायचं नाही असं मी कधी ठरवलं नव्हतं. आज नको, मुलं आहेत. आज नको, त्यांच्या गावाहून वाईट पत्र आलंय. आज नको, एवढ्यात आमटी छान झालीय म्हणाले, कशाला. नंतर नंतर असं वाटायला लागलं की आता सांगितलं तर इतकी वर्षं का नाही सांगितलं, हेच आधी सांगावं लागेल. मधे आणखी दोनदा स्पेनला जाणं झालं, दोन्ही वेळा दुसऱ्या शहरात. सेव्हिलला जाऊन यावं असं मनात येऊन गेलं आणि गेलो नाही. तिथे खरंच किती सांधा आहे, आहे की नाही, मला आजही माहीत नाही.

दोन हजार तीनच्या सुमारास मिस्त्रींनी खलास केलं, म्हणजे आखातातल्या भाषेत नोकरी सोडून कायमचे गावी निघाले. गुडघे गेले होते. दुबई विमानतळावर त्यांना सोडायला आम्ही दोघं गेलो, दुपारची वेळ होती. बायकोने त्यांच्या नातीसाठी फ्रॉक आणला होता, तो त्यांनी सामानात न घालता हातातच ठेवला. मी गाडीत ठरवलं होतं की आज सांगायचं. ट्रॉली ढकलत दारापर्यंत गेलो. ते थांबले आणि मला वाटलं, आता. तर तेच बोलले. म्हणाले, ‘साहेब, तुमच्यामुळे कळला. आमी वीस वर्षां स्वतःक मिस्त्री म्हणवून घेतलां. खरे मिस्त्री थयले, स्पेनातले.’

मी म्हणालो, ‘असं काही नाही हो. सांभाळून जा.’

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, बायकोला वाकून नमस्कार केला, आणि आत गेले. काचेतून थोडा वेळ फ्रॉकची पिशवी दिसत होती.

परतीच्या रस्त्यावर उम्म अल कुवैन मागे पडलं. मग मी बायकोला सगळं सांगितलं. न भरलेला अर्ज, व्हिसा, चार वाजताची गाडी, बुटाची लेस, कॅम्पामागचा कट्टा. दशमीच्या गोष्टीतलं एकही वाक्य न वापरता सांगितलं, त्यामुळे फार अडखळलो. ती पुढे रस्त्याकडे बघत होती. दोन्ही बाजूंना वाळू आणि मधेच एखादा उंट, आणि मला मूर्खासारखं वाटत होतं की आता ती म्हणेल, जाऊ द्या, तुमचा हेतू वाईट नव्हता. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, तिने असं पुष्कळदा म्हटलं होतं.

माझं बोलून संपलं. मग तिने मांडीवरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘हे मला काय सांगताय? त्या टाइल्स काय मी लावल्या होत्या?’